‘कळलं का?’ असं विचारू नकोस

पत्र: ताई, मी कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स आहे. सलाईनमधून केमो घेणारे पेशंट आमच्या डोळ्यांसमोर असतात, पण हल्ली बरेच जण केमोच्या गोळ्या घेऊन सरळ घरी जातात आणि त्यांना समजावून सांगायचं काम आता माझ्याकडे आलंय. मी सगळं सांगते, छापील पत्रक देते, पेशंट मान डोलावतात, नातेवाईक हो हो म्हणतात आणि मग काहीतरी भलतंच होतं. मागच्या महिन्यात एका काकांना कॅपेसिटाबीन १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचं होतं, ते थांबलेच नाहीत. ‘गोळ्या उरल्या होत्या म्हणून घेतल्या’ म्हणाले. जुलाबांनी पार गळून गेले, अ‍ॅडमिट करावं लागलं. मी त्यांना गॅपचं सांगितलं होतं हे मला पक्कं आठवतंय. मग चुकलं कुठे? एका पेशंटला मला जेमतेम १५ मिनिटं मिळतात, त्यात काय काय सांगू?

उत्तर: तू सांगितलं होतंस यावर माझा पूर्ण विश्वास आहे गं. पण काकांच्या बाजूने बघ जरा. सकाळपासून ओपीडीत बसलेले, डॉक्टरांनी नुकतंच काहीतरी रिपोर्टचं सांगितलेलं, डोक्यात तेच फिरतंय, आणि त्यात तू दहा मिनिटांत तीस गोष्टी सांगतेस. त्यातल्या त्यांच्याकडे राहिल्या दोन, आजार मोठा आहे आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. मग घरी स्ट्रिप उरलेली दिसली तर माणूस काय करेल? घेईलच ना. त्यांनी निष्काळजीपणा केला असं मला वाटत नाही, उलट फार मनापासून औषध घेतलं त्यांनी. म्हणून पहिली गोष्ट ही की जितक्या गोळ्या त्या सायकलला, म्हणजे गोळ्यांचे दिवस आणि गॅप मिळून होणाऱ्या एका फेरीला, लागतात तेवढ्याच मोजून घरी जाऊ देत, फार्मसीशी बोलून हे करता येतं, आणि १४ व्या दिवशी हातात एकही गोळी उरली नाही तर गॅप आपोआप पाळला जातो. स्ट्रिप फोडून देता येत नसेल तर किती गोळ्या उरणार आहेत आणि त्या पुढच्या वेळी परत आणायच्या आहेत हे आधीच सांगून ठेव, म्हणजे उरलेली गोळी बघून मनात शंका यायला नको. काका परत येतील तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या म्हण, अर्धी स्ट्रिपसुद्धा, कारण आता त्यांचा डोस बहुतेक कमी होईल आणि कॅपेसिटाबीन ५०० आणि १५० मिलिग्रॅम अशा दोन पॉवरमध्ये येते, जुन्या आणि नव्या गोळ्या एका डब्यात गेल्या की पुन्हा गोंधळ.

आता तुझा मुख्य प्रश्न. माझं म्हणणं एकच आहे, तू किती सांगितलंस ते मोजू नकोस, पेशंटने तुला किती सांगितलं ते मोज. ‘कळलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे येणारा कुठलाही माणूस हो म्हणतो, संकोचाने म्हणतो, पांढऱ्या कोटाच्या धाकाने म्हणतो, मागे रांग आहे म्हणून म्हणतो. त्याऐवजी असं म्हणून बघ, ‘काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला तपासायचंय, घरी गेल्यावर काकूंना या गोळ्या कशा घ्यायच्या ते कसं सांगाल, मला सांगून दाखवा.’ परीक्षा त्यांची नाही, तुझी आहे असं वाटलं पाहिजे. मग ते जे बोलतील त्यात चूक लगेच सापडते, कुणी म्हणतो सकाळी तीन संध्याकाळी तीन, कुणी म्हणतो एकदम सहा, कुणी जेवणाआधी म्हणतो. तेवढंच दुरुस्त करायचं आणि परत एकदा विचारायचं. याला दोन-तीन मिनिटं जातात आणि ती पत्रक वाचून दाखवण्यातून काढ, पत्रक घरीही वाचता येतं.

त्याच्याही आधी थोडं विचारून घे. गोळ्यांबद्दल तुम्हाला काय सांगितलंय, घरी औषधं कोण देतं, वाचता येतं का, चष्म्याशिवाय बारीक अक्षरं दिसतात का, मोठी गोळी गिळायला त्रास होतो का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत. सपोर्टिव्ह केअरवर, म्हणजे उपचारांचा त्रास कमी करून पेशंटला सांभाळण्यावर, काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, मल्टिनॅशनल असोसिएशन ऑफ सपोर्टिव्ह केअर इन कॅन्सर, त्यांनी मोअ‍ॅट नावाचं एक टूल केलंय, खास याच कामासाठी, गोळ्यांवरच्या पेशंटला शिकवायला, आणि त्यात सुरुवातच पेशंटला प्रश्न विचारण्यापासून आहे, मग सगळ्यांना लागू असलेली माहिती, मग त्या त्या औषधाची माहिती आणि शेवटी परत पेशंटलाच प्रश्न. बऱ्याच भाषांत झालंय ते, नक्की बघ. मला त्यातलं सगळ्यात जास्त पटतं ते हेच की बोलणं पेशंटपासून सुरू होतं आणि पेशंटपाशीच येऊन थांबतं.

घरी औषधं कोण देतं हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, तो सोडू नकोस. कितीतरी घरांत पेशंटला स्वतःला काहीच माहीत नसतं, मुलगी किंवा बायको गोळी हातावर ठेवते आणि ओपीडीत मात्र तिसराच कुणी सोबत आलेला असतो. अशा वेळी त्या मुलीला तिथल्या तिथे फोन लावायला सांग, स्पीकरवर ठेव आणि तिच्याकडून वदवून घे. आणि कुणी ‘आजाराचं नाव पेशंटला सांगू नका’ म्हणत असेल तर आधी डॉक्टरांना मध्ये घे, कारण ज्याला हे साधं औषध नाही हेच माहीत नाही तो ताप आला तरी अंगावर काढणार.

गोळी म्हणजे सौम्य, सलाईन म्हणजे कडक, हा समज पहिल्यांदा काढायला हवा. तोंडाने घेतलेली कॅपेसिटाबीन शरीरात जाऊन फाइव्ह एफयू बनते, म्हणजे जे औषध सलाईनमधून देतात तेच. हे एक वाक्य ऐकलं की लोक सावरून बसतात. आणि काही लोकांच्या शरीरात हे औषध मोडून टाकणारं डीपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना पहिल्याच सायकलमध्ये जोरदार जुलाब होतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी खाली जातात, म्हणून पहिल्या काही दिवसांतली तक्रार ‘होतं असं, बघू’ म्हणून कधी सोडून द्यायची नाही.

वेळापत्रकाचं म्हणशील तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव, सगळ्या गोळ्यांना एक नियम लावता येत नाही आणि पेशंटला शेजारच्या बेडवरच्या माणसाचा नियम लागू होत नाही. कॅपेसिटाबीन बहुतेकदा १४ दिवस चालू ७ दिवस बंद, दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. टेमोझोलोमाइड मेंदूच्या गाठीसाठी नुसती देतात तेव्हा साधारण २८ दिवसांतले ५ दिवस, आणि रात्री झोपताना रिकाम्या पोटी घेतली तर उलटीचा त्रास कमी होतो, रेडिएशनबरोबर मात्र तीच रोज असते. इमॅटिनिब रोज, गॅप नाही, जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाणी पिऊन. प्रोस्टेटसाठी देतात ती अ‍ॅबिराटेरोन नेहमीच्या डोसमध्ये रिकाम्या पोटीच, कारण तेलकट तुपकट जेवणासोबत घेतली तर रक्तात तिचं प्रमाण दहापटीपर्यंत वाढू शकतं. दहापट! जेवणाचं हे सगळं पत्रकात एका ओळीत उरकलेलं असतं आणि पेशंटला ते पथ्यपाण्यासारखं, जमलं तर पाळायचं असं वाटतं. त्यामुळे कारण सांग, कारण कळलं की लोक पाळतात. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असेल तर वार ठरवून तो वार मोठ्या अक्षरात लिहून दे, कारण आठवड्याची गोळी रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत, हे सांगताना आवाज मऊ करू नकोस.

लिहून देताना कॅलेंडर वापर. घड्याळाचं आणि गोळीचं चित्र काढ, चालू दिवसांवर टिक, बंद दिवसांवर मोठी फुली, पुढच्या रक्ततपासणीच्या तारखेला गोल, आणि ‘रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पुढची सायकल सुरू करायची नाही’ हे त्यांच्या भाषेत, त्यांच्यासमोर, तुझ्या हाताने लिही.

चुकलेल्या डोसचं सगळ्यांनाच विचारायचं असतं पण भीतीने कुणी विचारत नाही. डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल घ्यायचा नाही, हे सगळ्यांना. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर स्वतःच्या मनाने परत घ्यायची नाही, फोन करायचा, हेही सगळ्यांना. किती तासांपर्यंत उशिरा चालतं ते औषधागणिक वेगळं असतं, ते फार्मसिस्टला विचारून त्याच कॅलेंडरवर लिहून टाक.

दुसऱ्या औषधांबद्दल विचारताना ‘अजून काही औषधं घेता का?’ एवढ्यावर भागत नाही, उत्तर नाही असंच येतं, कारण बीपीची गोळी लोकांना औषध वाटत नाही, रोजची सवय वाटते. म्हणून एकेक नाव घेऊन विचार. बीपीची? साखरेची? रक्त पातळ करायची? फिटची? झोपेची? अ‍ॅसिडिटीची? कुणी सांगितलेला काढा, झाडपाला, पावडर, व्हिटॅमिन? रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि कॅपेसिटाबीन एकत्र आली तर रक्तस्राव होऊ शकतो. फिटच्या फेनिटॉइनचं प्रमाण त्याच कॅपेसिटाबीनने वाढतं. युरिक अ‍ॅसिडसाठीची अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असताना रक्ताच्या कॅन्सरवरची मरकॅप्टोप्युरिन पूर्ण डोसमध्ये घेतली तर पेशी धोकादायक खाली जातात, डोस पाव ते एक तृतीयांशवर आणावा लागतो. आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं तर मी दरवेळी सांगते, एर्लोटिनिब, डासाटिनिबसारख्या कॅन्सरच्या गोळ्यांना पोटातलं आम्ल लागतं, ते कमी केलं की औषध नीट शोषलंच जात नाही, म्हणजे पेशंट रोज इमानदारीत गोळी घेतोय आणि ती अर्धवट वाया जातेय. ही अ‍ॅसिडिटीची गोळी लोक कुणाला न विचारता घेतात! काढ्यांबद्दल विचारताना रागावू नकोस, ओरडलीस तर पुढच्या वेळी लपवतील आणि मग लिव्हरचे रिपोर्ट का बिघडले याचा पत्ता लागणार नाही. ‘बाटली किंवा पुडी घेऊन या, डॉक्टरांना दाखवू’ इतकंच म्हण. ग्रेपफ्रूट हे फळ काही गोळ्यांबरोबर चालत नाही, ते त्या त्या गोळीच्या वेळी सांग.

आता ताप. १५ मिनिटांतली दोन मिनिटं फक्त यावर घालव. ताप ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर रात्र असो, सुट्टी असो, लगेच फोन आणि हॉस्पिटल. पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन काही तासांत अंगभर पसरू शकतं. घरोघरी काय होतं तर अंग गरम लागलं की पॅरासिटामॉल देऊन झोपवतात, ताप उतरतो, सगळ्यांना बरं वाटतं आणि इन्फेक्शन आतल्या आत वाढत राहतं. म्हणून आधी थर्मामीटर, मग फोन, मग ते सांगतील ती गोळी. घरी थर्मामीटर आहे का विचार, तो वाचता येतो का तेही बघ, वॉर्डातला हातात देऊन वाचायला लाव. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप दिसत नसला तरी फोन करायचा हेही त्याच दमात सांग.

जुलाबांना आकडा दे, नाहीतर ‘थोडे होतायत’ या शब्दात दोन वेळाही बसतात आणि बाराही. कॅपेसिटाबीनवर नेहमीपेक्षा दिवसात चार किंवा जास्त वेळा जास्त जावं लागलं, किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागलं, तर गोळ्या थांबवून लगेच फोन करायचा. तसंच तोंड इतकं आलं की खाता येत नाही, एका दिवसात दोन किंवा जास्त उलट्या झाल्या, तळहात तळपाय लाल होऊन सुजले आणि रोजचं काम करता येईना, तरी तेच. इथे एक अडचण येते, आपणच एकीकडे सांगतो गोळी चुकवू नका आणि दुसरीकडे सांगतो थांबवा, आणि पेशंट गोंधळतो. तर त्याला स्पष्ट शब्दांत सांग की या चार-पाच गोष्टींत थांबणं हाच उपचार आहे, डॉक्टर एक-दोन दिवस थांबवून डोस कमी करून परत सुरू करतात, आणि त्रास दाबून पुढे रेटलं तर आठवडेच्या आठवडे बंद ठेवावं लागतं. तळहाताला मॉइश्चरायझर रोज, पहिल्या दिवसापासून, गरम पाणी आणि घट्ट चपला टाळायच्या.

उलट बाजूचंही बोलू. त्रास नको म्हणून गुपचूप गोळ्या कमी करणारे पेशंट तुला दिसत नाहीत कारण ते अ‍ॅडमिट होत नाहीत. २०१० साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला, सीएमएल म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचे ८७ पेशंट, सगळे इमॅटिनिबवर, डबीच्या झाकणात चिप बसवून किती वेळा उघडलं ते मोजलं. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात ६ वर्षांत आजार अपेक्षेइतका खाली जाण्याची शक्यता ९४.५ टक्के होती, ९० टक्के किंवा कमी घेणाऱ्यांत फक्त २८.४. रोज एक गोळी धरली तर ९० टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणं. मी हे आकडे पेशंटला घाबरवायला वापरत नाही, पण नर्सला माहीत असावेत. पेशंटला विचारताना मात्र ‘सगळ्या घेतल्या ना?’ असं नको, ‘बऱ्याच जणांची एखादी चुकते, मागच्या आठवड्यात तुमच्या किती चुकल्या?’ असं विचार, खरं उत्तर येतं. आणि का चुकल्या ते ऐक. कुणाला मळमळ होते, कुणाला गोळी बघितली की आजार आठवतो, कुणाकडे पुढची डबी आणायला माणूसच नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच-पाच, दहा-दहा वर्षं टॅमोक्सिफेन घेणाऱ्या बायका अंगातून वाफा निघतात म्हणून मध्येच सोडून देतात आणि सांगत नाहीत, त्यांना हा प्रश्न प्रेमाने विचारणारं कुणीतरी हवं असतं.

घरात गोळ्या हाताळण्याचं थोडक्यात सांगता येईल. चावायची नाही, कुटायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही, गिळता येत नसेल तर आपल्याला सांगायचं, काही गोळ्यांना पर्याय असतो. दुसरं कुणी गोळी देत असेल तर हातमोजे घालून, नाहीतर झाकणात काढून, आणि नंतर हात धुवायचे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने हात लावायचा नाही. मूळ डबीतच ठेवायच्या, इतर गोळ्यांच्या डब्यात मिसळायच्या नाहीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलपात, बाथरूमच्या ओलीत नाही. उरलेल्या गोळ्या संडासात किंवा कचऱ्यात टाकायच्या नाहीत, परत आणून द्यायच्या. संडास वापरल्यावर झाकण लावून दोनदा फ्लश, उलटीने खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे, हे शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांपर्यंत. पण हे सांगितलंस की लगेच पुढचं वाक्य सांग, मी हात जोडून सांगते, की शेजारी बसणं, एकत्र जेवणं, नातवंडाला मिठी मारणं याने कुणालाही काही होत नाही. हे वाक्य राहून गेलं तर घरात त्या माणसाचं ताट वेगळं होतं, अंथरूण वेगळं होतं, आणि औषधाने होत नाही इतका त्रास त्याने होतो. मूल होण्याच्या वयातल्या जोडप्याशी गर्भनिरोधनाबद्दल आडपडदा न ठेवता बोल. थॅलिडोमाइड, लेनालिडोमाइडच्या बाबतीत तर पुरुष पेशंटलासुद्धा कंडोम वापरायला सांगायचंच असतं, लाजून चालणार नाही.

हे सगळं १५ मिनिटांत बसत नाही, बसवूही नकोस. पहिल्या दिवशी चारच गोष्टी, गोळ्या कशा आणि कधी घ्यायच्या, गॅप कधी, ताप आणि जुलाबाला काय करायचं, फोन कुणाला, आणि या चारही त्यांच्या तोंडून ऐकून घे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन करून बाकीच्या औषधांचं परत एकदा विचार, हाताळणं आणि साठवणं सांग, पण गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर किंवा कुटून देण्याची शक्यता असेल तर ते पहिल्याच दिवशी. आठवड्याने परत एक फोन, त्या वेळी साईड इफेक्ट सुरू झालेले असतात आणि प्रश्न खरे असतात, पहिल्या दिवशी विचारायचं काय हेच माणसाला माहीत नसतं. गॅप सुरू होतो त्या सकाळी एक फोन, दोन मिनिटांचा. एवढे फोन कोण करणार म्हणशील, तर इन्चार्ज सिस्टरांकडे मागच्या महिन्याची अ‍ॅडमिशन घेऊन जा आणि आठवड्यातला एक तास यासाठी लावून माग, एका टाळलेल्या अ‍ॅडमिशनमध्ये तो तास वसूल होतो हे त्यांनाही कळतं.

आणि कार्डावर जो चोवीस तासांचा नंबर छापलाय तो एकदा रात्री अकराला तू स्वतः लावून बघ, कोण उचलतं, त्याला कॅपेसिटाबीन म्हणजे काय ते माहीत आहे का, तापाचं सांगितल्यावर तो काय म्हणतो. कुणी उचललं नाही, किंवा ‘सकाळी ओपीडीत या’ म्हणालं, तर नवीन पत्रक छापायचं राहू दे बाजूला, आधी तो फोन नीट करून घे.